ताप बघायचं प्रॅक्टिकल

फ्यूज झोपला की त्याच्याखालची गादी तापायची. नुसती ऊब नव्हे, चांगली इस्त्री फिरवल्यासारखी. त्याला उचललं की चादरीवर त्याच्या आकाराचा एक दमट, गरम ठसा उरायचा, आणि घरात कुणी बघत नसलं की त्याची आई त्या ठशावर क्षणभर गाल टेकवायची. दिवसभराच्या धावपळीत तिची म्हणून जी काही विश्रांती होती ती तेवढीच.

बाळाचं नाव अर्थातच फ्यूज नव्हतं. दोन्हीकडच्या आज्यांनी रुसवेफुगवे करून ठेवलेलं एक चांगलं लांबलचक नाव होतं. पण कुणी अनोळखी माणसाने उचललं, दारावर जरा थाप पडली, की हा भोकाड पसरायचा. "जरा लोड आला की उडतो," असं त्याचा बाप म्हणाला आणि नाव चिकटलं. तिला ते मनातून आवडायचं. कारण हा फ्यूज एकाच कडेवर टिकायचा, आणि ती कड तिची होती.

ती आणि तिचा नवरा एकाच इंजिनियरिंग कॉलेजात, एकाच विभागात शिकवायचे. तो फळ्यावर नेटवर्क थिअरी शिकवायचा आणि ती तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत तीच थिअरी मुलांच्या हातात द्यायची. बाळंतपणाची रजा संपत आली तशी तिने ती वाढवून घेतली. कॉलेजने सत्र संपेपर्यंत तिच्या जागी एक बदली बाई नेमली.

प्रयोगशाळेत तिचं स्वतःचं असं एक प्रॅक्टिकल होतं. दोन काळ्या पेट्या, झाकणं स्क्रूने आवळून वर लाखेचं सील. प्रत्येकीतून फक्त दोन टोकं बाहेर आलेली. आत तारांचं आणि बॅटऱ्यांचं कितीही जंजाळ असो, बाहेर दोनच टोकं काढली तर तिथे जे काही जाणवतं ते एका स्रोताने आणि एका रेझिस्टरने हुबेहूब उभं करता येतं. थेवेनिनचं प्रमेय म्हणतात ते हेच. दुसऱ्या एका तऱ्हेनेही उभं करता येतं, ते नॉर्टनचं. एका पेटीत हा प्रकार, दुसरीत तो. मुलं मीटर लावून घाम गाळायची आणि दोन्ही पेट्या तंतोतंत सारखे आकडे द्यायच्या. मुलं रडकुंडीला आली की ती म्हणायची, आता मीटर काढा, टोकं मोकळी सोडा, आणि थोड्या वेळाने पेटीला हात लावून बघा. काहीच जोडलेलं नसताना एक पेटी थंडगार पडलेली असायची. दुसरी कोमट लागायची, कारण तिच्या आत प्रवाह आपला फिरतच असायचा, कुणी विचारो न विचारो. हे दाखवताना तिने पहिल्यांदा सवयीने हाताची मागची बाजू पेटीला लावली, कपाळाला लावतात तशी, आणि तेव्हापासून मुलं त्याला 'ताप बघायचं प्रॅक्टिकल' म्हणायला लागली.

त्या तासाला ती एक किस्सा हमखास सांगायची. थेवेनिन हा तारखात्यातला इंजिनियर. त्याने हे प्रमेय मांडलं त्याच्या तीसेक वर्षं आधी दुसऱ्याच एकाने तेच छापून ठेवलं होतं. पण नाव लागलं ते मागाहून आलेल्याचं. मुलं हसायची, तीही हसायची. आता भर दुपारी दुधाच्या बाटल्या उकळताना तो किस्सा आठवला की तिला हसू येत नसे.

बदली बाईबद्दल नवरा पहिल्यांदा म्हणाला, बरी आहे. मग म्हणाला, चांगली शिकवते. मग एका संध्याकाळी बूट काढता काढता तो म्हणाला, "अगं, मुलं म्हणतात, मॅडम रजेवर गेल्यात असं वाटतच नाही. फरकच कळत नाही."

त्याला वाटलं आपण चांगली बातमी आणली. नवऱ्याच्या शर्टाला परक्या अत्तराचा वास आला असता तर तिला परवडलं असतं. त्यावर भांडता येतं, माहेरी फोन करता येतो. 'फरकच कळत नाही' याच्यावर काय भांडणार?

शेवटी तिला राहवलं नाही. एक पुस्तक राहिलंय असं सासूबाईंना सांगून ती फ्यूजला कडेवर घेऊन प्रयोगशाळेत गेली. तोच सोल्डरिंगच्या राळेचा आणि तापलेल्या धुळीचा वास, टेबलांवर तारांचे तेच गुंते, खिडकीशी तिचं डुगडुगणारं स्टूल. स्टुलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातलेली होती. नेमक्या त्याच पायाखाली, नेमकी तिच्याच पद्धतीने, घडी बाहेरून दिसू नये अशी. बदली बाई स्टुलाशेजारी उभी होती. दिसायला चारचौघींसारखी, साधा ड्रेस, ओढणी. इतकी चारचौघींसारखी, की तिच्यावरून नजर काढली की चेहरा आठवायला पुन्हा बघावं लागे.

"या, मॅडम," ती म्हणाली.

आईने सगळं खोदून खोदून विचारलं. मुलं मीटर कसं धरतात, पेट्यांची सीलं कोण बघतं, आकडा चुकला तर काय करता. बदली बाई प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देत गेली, आणि प्रत्येक उत्तर तेच होतं जे आईने स्वतः दिलं असतं, शब्दाला शब्द. कुठे बोट ठेवायला जागा नाही. फक्त एक गोष्ट आईच्या लक्षात आली. बदली बाईने स्वतःहून काहीच विचारलं नाही. कडेवर एवढं गुबगुबीत बाळ बघून कुठलीही बाई विचारते, केवढा झाला, दात आले का, कुणावर गेलाय. ही नुसती बघत होती, पुढचा प्रश्न यायची वाट बघत.

तेवढ्यात फ्यूज झुकला आणि सरळ तिच्याकडे गेला.

आई थांबली. आता उडेल, आता उडेल, अशी वाट बघत राहिली. आपलं मूल रडावं म्हणून आपण टपून बसलोय हे तिचं तिला कळत होतं, आणि तरीही. फ्यूज रडला नाही. त्याने बदली बाईच्या खांद्यावर डोकं टेकवलं, अंगठा तोंडात घातला.

परत घेताना दोघींची बोटं एकमेकींना लागली. त्या बाईची बोटं गार होती. पंख्याखाली उभी असेल, असं आई मनाशी म्हणाली.

मग बदली बाई घरी यायला लागली. तिला बोलावलं कुणी हे नंतर कुणालाच नीट सांगता आलं नाही. नवरा म्हणायचा माझ्या आईने बोलावलं, सासूबाई म्हणायच्या यानेच आणलं. मागच्याच गल्लीत राहते म्हणे. कॉलेज सुटलं की यायची, सासूबाईंचे गुडघे कसे आहेत याचं रोजचं पुराण ऐकून घ्यायची, फ्यूजला मांडीवर घ्यायची.

"तू आपली उगाच धावाधाव करतेस," सासूबाई सुनेला म्हणाल्या. "तिच्याजवळ कसा शांत असतो बघ. मुलाला कळतं गं, कोण घाबरलेलं आहे ते."

घाबरट आई म्हणून सुनेची ख्याती होतीच. खिडक्यांना जाळ्या तिने लावून घेतल्या होत्या, झोपेत फ्यूजच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायची, एकदा एक बटण सापडेना म्हणून त्याला थेट दवाखान्यात नेलं होतं आणि बटण नवऱ्याच्या खिशात निघालं होतं. पण डोळ्यांत तेल घालून मूल वाढवायचं, आणि त्याने हसायचं मात्र दुसरीकडे बघून, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

एकदा ती आंघोळीला गेली असताना बाहेरून गाणं ऐकू आलं. फ्यूजला झोपवताना ती स्वतः एक गाणं म्हणायची. गाणं कसलं, रेझिस्टरवरच्या पट्ट्यांचे रंग ओळीने: काळा, तपकिरी, लाल, नारिंगी. पुढे पिवळा आणि मग हिरवा असा खरा क्रम, पण चालीत बसत नाही म्हणून ती हिरवा आधी घ्यायची. वर्गात असं कुणी म्हटलं असतं तर तिने त्याला बाहेर काढलं असतं. ही चूक ती फक्त दार लावून, त्याच्या कानाशी करायची.

बाहेर बदली बाई म्हणत होती: नारिंगी, हिरवा, पिवळा.

ती ओल्या केसांनी तशीच बाहेर आली. विचारलं, हे कुठे शिकलात. बदली बाईने मान वर केली.

"असंच म्हणतात ना, ताई?"

मॅडमची ताई कधी झाली तेही आईच्या लक्षात आलं नव्हतं.

त्या दिवसापासून तिने त्या बाईला मोजायला सुरुवात केली. दुसरा शब्द नाही. अनोळखी पेटी समोर आली की इंजिनियर जे करतो तेच: टोकांना काहीतरी लावायचं आणि काय परत येतं ते बघायचं. ती मुद्दाम चुकीचं बोलून बघे, मुद्दाम तुसडं वागे, विनोद करे. प्रत्येक वेळी परत यायचं ते नेमकं, वेळेवर, मापात. मग एका दुपारी, सासूबाई शेजारी गेलेल्या आणि फ्यूज आत झोपलेला असताना, तिने टोकं मोकळी सोडायचं ठरवलं. चहा टाकते म्हणून ती स्वयंपाकघरात गेली आणि गॅस न पेटवता उभी राहिली. समोरच्या कपाटाच्या काचेत बाहेरचा सोफा दिसायचा.

बदली बाईच्या चेहऱ्यावर हसू होतं, ते थोडा वेळ तसंच राहिलं. मग ते गेलं. हात मांडीवर, तळवे वर. तिने घड्याळाकडे पाहिलं नाही, भिंतीवरच्या फोटोंकडे पाहिलं नाही, ओढणी सारखी केली नाही. एक माशी येऊन तिच्या गालावर बसली. चालत चालत डोळ्याच्या कडेपर्यंत गेली, पापणीवर थांबली. पापणी हलली नाही.

आईच्या हातून चमचा पडला.

"मदत करू का, ताई?" बाहेरून लगेच आवाज आला. हसरा.

ती गेल्यावर आईने सोफ्यावर, ती बसली होती तिथे, हाताची मागची बाजू लावली. एवढा वेळ माणूस बसून उठल्यावर गादी कशी लागते हे सगळ्यांना माहीत असतं. ही गादी गार होती. फरशी गार असते तशी.

तिने नवऱ्याला सांगितलं. तो आधी ऐकत राहिला, मग हसू दाबत म्हणाला, "म्हणजे तू बदलीचा ताप बघितलास?"

ती हसली नाही म्हणून तो गंभीर झाला. गंभीर झाला की तो फळ्यासमोर उभा राहिल्यासारखा बोले. त्याचं म्हणणं असं, की मुलं शिकतायत, फ्यूज रडत नाही, माझ्या आईचा वेळ जातो. मोजावं तिथे आकडा बरोबर. मग आत काय आहे याच्याशी आपल्याला काय करायचंय? "त्यापेक्षा सरळ सांग ना, तुला ती आवडत नाही म्हणून."

ते खरंच होतं. मग त्याने दिवा मालवता मालवता आणखी एक सांगितलं. विभागप्रमुख म्हणत होते, मॅडमना घाई नसेल तर पुढचं सत्रही बदली बाईंनाच राहू द्या. मॅडमनी निवांत घरी थांबावं. काही अडत नाही.

नोकरी गेली तर गेली, असं तिने स्वतःला समजावून पाहिलं. पण ज्याच्यासाठी ती सोडायची तोही तिकडेच झुकणार असेल, तर मग आपण राहायचं कुठे? तिला एकदा, फक्त एकदा, फ्यूज कुणाचा ते डोळ्यांनी बघायचं होतं. त्याने दोघींमधून निवडायचं. आणि ते त्या बाईच्या देखत व्हायला हवं होतं.

नवरा सासूबाईंना घेऊन गुडघ्याच्या डॉक्टरांकडे गेला ती दुपार तिने धरली. बदली बाई आली. सतरंजी अंथरलेली होती. फ्यूज आता चांगला रांगायला लागला होता.

पण सुरू करायच्या आधीच ती अडली. प्रयोगशाळेतली इतक्या वर्षांची सवय आडवी आली. सबंध सकाळ फ्यूज आपल्या कडेवर होता. असं रीडिंग आपल्या बाजूला झुकणारच. झुकलेल्या काट्यावर मिळवलेली जीत तिला नको होती, बिनतोड हवी होती. दोन्हीकडे सारखा वेळ दिला पाहिजे.

"जरा घ्या याला," ती म्हणाली. "मी खाली जाऊन येते."

"या ताई, सावकाश."

तिने फ्यूजला त्या बाईच्या हातात दिलं आणि दार ओढून घेतलं. इमारतीला वळसा घालून ती झेरॉक्सच्या दुकानासमोर उभी राहिली. यंत्राच्या झाकणाखालून हिरवट उजेड इकडून तिकडे सरकत होता आणि दुसऱ्या बाजूने कागद बाहेर पडत होते. पहिला कोणता आणि मागचे कोणते, हे दुकानदार सोडून कुणाला सांगता आलं नसतं. ती बघत राहिली. घाबरट आई, मूल मागे ठेवून रस्त्यावर उभी होती, आणि तिला भीती वाटत नव्हती. फक्त जिंकायचं होतं.

ती वर आली तेव्हा आत गाणं चाललं होतं. कुलपात किल्ली घातली आणि ते थांबलं.

सतरंजीच्या एका टोकाला ती बसली, दुसऱ्या टोकाला बदली बाई. फ्यूज मधोमध.

कुणी हाक मारायची नाही, हात पुढे करायचा नाही. तसं तिनेच ठरवलं होतं.

फ्यूजने त्या बाईकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं.

मग तो दोन्ही तळवे आपटत, लाळ गाळत, सरळ आईकडे आला. वाटेत थांबला नाही, वळला नाही. मांडीवर चढला, तिचा कान धरला.

तिच्या छातीतून काहीतरी सुटलं. इतक्या महिन्यांचं. तिने त्याला घट्ट धरलं आणि समोर पाहिलं.

"बघितलंत?" ती म्हणाली. "शेवटी आई ती आई असते."

बदली बाई हसली.

"तुमच्याकडेच यायला हवा होता ना, ताई?"

ती उठली, ओढणी सारखी केली, म्हणाली सत्र संपलंच आहे, आता येणं होणार नाही. दाराशी तिने निरोपाला हात पुढे केला. आईने तो हातात घेतला. जिंकल्यावर माणूस मोठ्या मनाचा होतो.

हात गरम होता. चांगला गरम, दमट, जिवंत.

आईला हसूच आलं. चला, बाईच होती बिचारी. आपलंच डोकं फिरलं होतं. बदली बाई छातीशी हात धरून, जपून जिना उतरत होती, काहीतरी सांडू नये अशा बेताने. आईने दार लावून घेतलं.

नवरा आणि सासूबाई आल्यावर तिने काही सांगितलं नाही. पण ती गुणगुणत होती, आणि नवऱ्याने ते ऐकून भुवया उंचावल्या. पुढच्या सत्राला मी येणार म्हणून सांग, ती म्हणाली. फ्यूज सगळ्यांकडे बघून हसला, केळं अंगाला फासून घेतलं, सासूबाईंनी उचलल्यावर भोकाड पसरलं. आजोळचा फोन आला तेव्हा फोनच चाटला. सगळं जसंच्या तसं.

मग तिने त्याला आतल्या खोलीत झोपवलं. नारिंगी, हिरवा, पिवळा. ती बाहेर येऊन कपड्यांच्या घड्या करत बसली. बराच वेळ बसली.

दिवे लागायची वेळ झाली तशी ती त्याला बघायला आत गेली. खोलीत अजून करडा उजेड होता. फ्यूज उताणा झोपला होता. हात दोन्ही बाजूंना, तळवे वर.

तिने नेहमीसारखी हाताची मागची बाजू त्याच्या पाठीखाली सरकवली.

चादर कोरडी होती. एक सुरकुती नव्हती. आणि गार होती.

तिचा हात लागताच त्याने डोळे उघडले आणि तिच्याकडे बघून हसला. अगदी तो हसायचा तसाच, आधी उजव्या गालाने.

तिने हात काढून घेतला.

हसू थोडा वेळ तसंच राहिलं. मग गेलं.

"उठला का गं?" बाहेरून नवऱ्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

ती हळूच त्याच्याशेजारी आडवी झाली, त्याला छातीशी ओढून घेतलं, आणि तो होता त्या जागी गादीवर गाल टेकवला. तापेल आता, असं मनाशी म्हणत ती वाट बघत पडून राहिली.